निवाऱ्यातून आणलेली माऊ

निवारा केंद्रातून आणलेली माऊ तिसऱ्याच दिवशी शिंकायला लागते, डोळे चिकटतात आणि घरचे म्हणतात, आजारी मांजर गळ्यात पडलं. तिला परत नेण्याची घाई करू नका. अशा सर्दीमागे बरेचदा हर्पीस विषाणू असतो. एकदा शिरला की तो मांजराच्या अंगात जन्मभर दडून राहतो आणि जागा बदलल्याच्या ताणानं डोकं वर काढतो. माणसाला तो होत नाही. घरात दुसरं मांजर असेल तर मात्र दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा.

नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वासाशिवाय मांजर खात नाही. बिनमिठाचा, काटे काढलेला उकडलेला मासा कोमट करून पुढे ठेवा. वाफ नाकाशी गेली की जीभ बाहेर येते! दिवसभर काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांकडे न्या. उपासानं मांजराच्या यकृतात चरबी साठते. घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीनंही जीव जातो.

आपल्या कोल्हापुरात आषाढाची झड लागली की माऊचं अंथरूण रोज बदला, कोरडं ठेवा. डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा.