बसने की मोटारीने? एका सहलीचा हिशोब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला ‘गृहिणी आणि प्रवास’ असा विषय दिला. एवढा मोठा विषय वीस मिनिटांत मावणार कसा? म्हणून मी त्याचा एक लहानसा तुकडा घेतला आहे. मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्या डोंबिवलीतल्या पुष्कळ घरांत एकच वाद सुरू होतो. इमॅजिकाला जायचे हे ठरलेले असते. पण बसने जायचे, की आपली मोटार काढायची?

आमच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले तेव्हा मोटार असो की नसो, शेवटी बहुतेकांना होडीतच बसावे लागे. श्रीमंताची पोरे आणि आपली पोरे एकाच फळीवर! इमॅजिका २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर उघडले आणि गोष्ट बदलली. तिथे जायला द्रुतगती मार्ग आहे, दारात प्रशस्त वाहनतळ आहे, आणि पार्कतर्फे व सहलवाल्यांतर्फे बसगाड्यांचीही सोय केली जाते. सोयी वाढल्या की वादही वाढतात, हा संसाराचा नियमच आहे.

हा वाद काही आपल्याच घरचा नाही. १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डिस्नेलँड उघडले, ते घरोघरी मोटार आहे असे धरूनच. दारापुढे मोटारींसाठी भले मोठे मैदान आखले होते. पुढे त्याच मैदानावर २००१ साली दुसरे पार्क उभे राहिले आणि मोटारी लांब नेऊन ठेवाव्या लागल्या. म्हणजे मोटारवाल्यांच्या देशातही माणसांना दारापर्यंत पोचवायला शेवटी सार्वजनिक गाडीच लागली.

आता आधी पैशांचा हिशोब करू, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघतो. डोंबिवलीहून शिळफाटा, तळोजा, कळंबोली करीत द्रुतगती मार्गाला लागायचे आणि खोपोलीला उतरायचे. जाऊन-येऊन साधारण एकशेतीस किलोमीटर होतात. मोटार लिटरला पंधरा किलोमीटर चालते असे धरले, तर नऊ लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरा, नऊशे झाले. टोल आणि वाहनतळ मिळून पाचशे धरा. एकूण चौदाशे. बसचे माणशी साडेतीनशे धरले तर चार माणसांचे चौदाशेच होतात. हे आकडे मी हिशोबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. भाव सतत बदलतात, तेव्हा ज्या दिवशी निघाल त्या दिवशीचे आकडे घालून पाहा. पण त्यातले तत्त्व बदलत नाही. मोटारीचा खर्च गाडीमागे असतो, बसचा माणसामागे. दोघे-तिघे असाल तर बस स्वस्त, चौघे असाल तर बरोबरी, पाच असाल तर मोटार स्वस्त.

आणि सहा असाल तर? तर मोटारीचा विचारच करू नये. “धाकटीला मांडीवर घेऊ” हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा न बांधता किंवा मुलांच्या खास बैठकीत न बसवता नेले, तर आता दंड होतो. दंड भरून सुटता येईल, पण आईची मांडी म्हणजे पट्टा नव्हे. मागे बसणाऱ्या मोठ्या माणसांनीही पट्टा बांधलाच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघेही गेले, आणि त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. गाडी किती भारी किमतीची आहे, याचा अशा वेळी उपयोग होत नाही.

पैशांचा हिशोब इथे संपतो. दुसरा एक हिशोब मात्र कोणी मांडीत नाही, आणि मला आज खरे तर त्याच्याबद्दलच बोलायचे आहे. सहलीच्या दिवशी सुट्टी नेमकी कोणाला मिळते?

आमच्या घरी मोटार चालवते ती सून. मुलाला रजा क्वचित मिळते. म्हणून सुट्टीत पोरांना कुठे न्यायचे तर चाकावर तीच. गेल्या वर्षी आम्ही दोनदा इमॅजिकाला गेलो, एकदा मोटारीने आणि एकदा बसने. बरोबर नऊ वर्षांचा नातू, चार वर्षांची नात, आणि गुडघेदुखीच्या आमच्या विहीणबाई.

मोटारीची सहल पुष्कळ बाबतींत सुखाची झाली. विहीणबाईंच्या मनात महडच्या वरदविनायकाचे दर्शन होते. महड खोपोलीच्या अलीकडेच. वाट थोडी वाकडी केली आणि दर्शन झाले. बसवाला काही आपल्यासाठी देवळाशी थांबणार नाही. बाहेरचे खाणे पार्कात नेऊ देत नाहीत. पण दशम्या आणि चटणी गाडीत ठेवली होती, ती परतताना कामी आली. दुपारी नात पेंगुळली तेव्हा विहीणबाई तिला घेऊन सावलीतल्या बाकावर बसल्या. ओले कपडे, जास्तीची चादर, औषधांची पिशवी, सारे गाडीत होते. कोणाचीही वाट न पाहता, आपल्या मनाने आम्ही निघालो.

पण निघालो तेव्हा सून पहाटे साडेचारपासून उठलेली होती. डबे तिने केले, पोरांना तयार तिने केले, शिळफाट्याच्या खोळंब्यातून गाडी तिने काढली, दिवसभर उन्हात रांगांतून उभी तीच राहिली. रात्री तळोज्याजवळ मालमोटारींच्या रांगेत आम्ही अडकलो. मागे तिन्ही माणसे झोपली होती. मी पुढे बसले होते. एकाएकी तिने गाडी बाजूच्या पेट्रोल पंपावर घेतली, उतरून तोंडावर पाणी मारले, आणि मला म्हणाली, “आई, पंधरा मिनिटे डोळे मिटते. मग निघू.” मी म्हटले, “पंधरा नाही, तीस मीट. आपल्याला कोणती गाडी गाठायची आहे?” ती अर्धा तास झोपली. मी शेजारी जागी बसले.

भगिनींनो, तिने फार शहाणपणा केला. पुष्कळ माणसांना असे थांबण्याची लाज वाटते. “आता काय, घर आलेच” म्हणून ती रेटीत राहतात. डुलकी एका क्षणाची असते, आणि तेवढ्यात गाडी कितीतरी पुढे गेलेली असते. मला त्या अर्ध्या तासात एकच वाटत राहिले. आम्ही चौघांनी सहल केली. हिने मात्र दिवसभर आमची चाकरी केली.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी बसचा आग्रह धरला. बसमध्ये गैरसोय नव्हती असे नाही. पहाटे रिक्षा करून थांब्यापर्यंत जावे लागले. सामान प्रत्येकाने आपल्या खांद्यावर वागवले. नातीला चारलाच घरी जायचे होते, पण संध्याकाळची मिरवणूक संपेपर्यंत गाडी हलणार नव्हती. नंतर एका कुटुंबाची वाट पाहत सगळी बस चाळीस मिनिटे थांबली. विहीणबाईंना बसच्या पायऱ्या उंच वाटल्या. आणि वरदविनायकाला हात जोडले ते रस्त्यावरूनच.

पण परतताना सून खिडकीशी बसली होती. नात तिच्या मांडीवर झोपली, नातू तिला दिवसभराच्या गोष्टी सांगत होता, आणि ती ऐकत होती. मोटारीच्या सहलीत तिला त्याचे एक वाक्य धड ऐकता आले नव्हते. मागून काही बोलला की “थांब रे, वळण आहे” हेच उत्तर. त्या रात्री तोही आईशी पोटभर बोलला.

यावरून “बसच बरी” असा निकाल मी देणार नाही. घरोघरची माणसे निराळी. तान्हे मूल, आजारी माणूस किंवा फार थकलेले वडीलधारे बरोबर असेल, तर लवकर परतण्याची मोकळीक फार मोलाची असते. तिथे मोटारच हवी. पण मग दोघे चालवणारे न्यावेत, जाताना एकाने आणि येताना दुसऱ्याने चालवावी. पगारी चालक नेणार असाल तर त्याच्या जेवणाची आणि दुपारच्या विश्रांतीची चौकशी आपण करावी. त्याचीही झोप आपल्याच जिवाशी बांधलेली आहे. पुण्याच्या मैत्रिणींना तर जाताना घाट उतरायचा आणि रात्री थकल्यावर तोच चढायचा असतो. त्यांनी हा विचार दुप्पट करावा. आपल्याला निदान घाटाच्या अलीकडेच उतरता येते. शनिवारी सकाळी लोणावळ्याकडे आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे लोटणारी गर्दी मात्र आपल्यालाही चुकत नाही. होईल तर मधला वार धरावा.

बसने जाणार असाल तर तिकीट काढतानाच चार गोष्टी विचाराव्या. आपल्याला जवळचा थांबा कोणता, परतीची वेळ कोणती, प्रवासी कमी पडले तर गाडी रद्द होते का, आणि झाली तर पैसे परत मिळतात का. चालकाचा दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावा. पर्समध्ये आले आणि एक रिकामी पिशवी असावी. बस लागणारे एक तरी मूल प्रत्येक घरात असते.

तिसरी वाटही आपल्या डोंबिवलीकरांना आहे. कर्जतवरून खोपोलीला जाणारी लोकल आपल्याच फलाटावरून जाते, आणि पुढे रिक्षा. गाड्या मोजक्या, तेव्हा परतीचे वेळापत्रक आधी पाहावे. पण मुले मोठी असतील तर याहून स्वस्त सहल नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या थंडीत, मधल्या वारी, मंडळाने स्वतःची एक बस ठरवावी. पूर्ण बस आपली असली की निघण्याची वेळ आपली, आणि महडला थांबायचे की नाही तेही आपणच ठरवू. घरटी एक मोटार काढण्यापेक्षा खर्च कमी येईल. मुख्य म्हणजे, मोटार चालवणाऱ्या आपल्या सुना-लेकी त्या दिवशी खिडकीशी बसतील.

घरी वाद निघेल तेव्हा पेट्रोलचा हिशोब अवश्य करा. पण तो मांडून झाला की एक प्रश्न आणखी विचारा: रात्री नऊ वाजता, सगळे झोपले असताना, जागे कोणाला राहायचे आहे? तिला आधी विचारा, आणि ती सांगेल तसे करा.