वाचलं मुंबईत, लिहिलं अरबीत



विमानाने बहारीनला येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिलं पाऊल मुहर्रकमध्ये टाकतो, कारण विमानतळ याच बेटावर आहे. मग तो पूल ओलांडून मनामाला जातो आणि मुहर्रक मागे राहतं. या जुन्या गावाचं मुंबईशी नातं मात्र विमानांच्या कितीतरी आधीचं. इथल्या समुद्रातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. त्या व्यापारापायी बहारीनची काही कुटुंबं मुंबईत राहायची.

अशाच एका मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी 1908 साली मुंबईत इब्राहिम अल-अरय्यद जन्मले. आई लवकर वारली. बालपण आणि शाळा, दोन्ही मुंबईतच. वाचन उर्दूत आणि इंग्रजीत. वडिलांची अरबी त्यांना जेमतेमच येत होती. विशीच्या सुमाराला ते बहारीनला कायमचे आले आणि मुहर्रकच्या अल-हिदाया शाळेत इंग्रजी शिकवू लागले. 1919 साली सुरू झालेली ही बहारीनमधली पहिली आधुनिक सार्वजनिक शाळा. मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता या मास्तरांनी स्वतः अरबी पक्की केली आणि 1931 साली त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला तो अरबीत! पुढे त्यांनी उमर खय्यामच्या रुबायाही अरबीत आणल्या. आज बहारीनच्या आधुनिक कवितेची गोष्ट त्यांचं नाव घेतल्याशिवाय सुरूच होत नाही.

मग मुंबईतल्या त्या वाचनाचा उपयोग काय झाला? मला वाटतं, लहानपणी त्यांना कवितेची गोडी लागली, ओळीचा ताल कानात बसला. व्याकरण आणि शब्द माणूस विशीतही कष्टाने कमावतो. वाचनाची भूक मात्र तेव्हा नव्याने लावून घेणं फार कठीण.

मुहर्रकशी नातं असलेले दुसरे कवी कासिम हद्दाद. जन्म मुहर्रकचाच, 1948 सालचा. घर कष्टकऱ्याचं, शालेय शिक्षण अर्धवट सुटलेलं. 1968 ते 1975 या काळात त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केली. शाळेत जे राहून गेलं ते त्यांनी पुस्तकांच्या कपाटांतून मिळवलं. 1970 साली पहिला संग्रह आला. नंतर राजकीय कारणांसाठी तुरुंगवास झाला, तरी लेखणी थांबली नाही. पुढे त्यांनी मुहर्रकवरच एक आत्मकथनपर पुस्तक लिहिलं.

आपल्याला इथे मराठी कवी नारायण सुर्वे आठवावेत. मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा मुलगा महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला, शिकत शिकत शिक्षक झाला आणि 1962 साली त्याने ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा कवितासंग्रह मराठीच्या हाती दिला. घरात पुस्तकांचं कपाट नसलेल्या मुलालाही पुस्तकांच्या आसपास वावरायला मिळालं, तर एवढं घडू शकतं.

आज आखातातल्या मराठी घरांत पुस्तकं परवडत नाहीत असं नाही. आईबाबांची काळजी वेगळीच असते. मूल इंग्रजी शाळेत जातं, मित्रांशी हिंदी बोलतं, मग मराठी वाचून त्याला काय मिळणार? अरय्यद यांचं आयुष्य हेच त्याचं उत्तर आहे. मूल पुढे कोणत्या भाषेत लिहील, हे आज ठरवायची गरज नाही. ते इंग्रजीत लिहील, कदाचित अरबीतही लिहील. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून खदखदून हसलेलं मूल ते हसू आपल्या लिखाणात कुठल्याही भाषेत घेऊन जाईल.

मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत, शेख इब्राहिम सांस्कृतिक केंद्राने जपलेल्या घरांमध्ये, लहान मुलांसाठी ‘इक्रा’ नावाचं ग्रंथालय आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना मॉलऐवजी तिथे न्या. मराठीसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. 1971 पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

आणि एक विनंती. गावाहून परतताना बॅगेत भाजणी आणि गोडा मसाला असतोच. त्यातच गोष्टींची चार पुस्तकं बसवा. घरी आल्यावर ती मुलाचा हात पोचेल अशा फळीवर ठेवा, आणि वाचून झाल्यावर त्याची परीक्षा मात्र घेऊ नका.