एक आकाश, दोन वाट्या

जयपूरच्या जंतरमंतरात शिरलेल्या प्रवाशाची दृष्टी प्रथम सम्राट यंत्राच्या उंच जिन्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. सुमारे २७ मीटर उंचीच्या त्या भिंतीची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. कालाची चाल तेथे डोळ्यांनी दिसते. परंतु त्याच आवारात, जमिनीत खोल बसविलेल्या दोन संगमरवरी वाट्या आहेत. हे जयप्रकाश यंत्र होय. पाहणाऱ्याला त्या जुळ्या वाटतात. एक बिघडली तर दुसरी असावी, असा तर्कही कोणी करतो. वस्तुतः त्या जुळ्या नव्हेत. एकाच आकाशाचे ते दोन भाग आहेत.

यातील मर्म आजच्या एका अगदी वेगळ्या अडचणीवरून चटकन ध्यानात येते. संगणकावरील आभासी जगात वावरणारा हौशी मनुष्य एका पडद्यावर समाधानी राहत नाही. तो शेजारी दुसरा पडदा मांडतो, आणि पाहतो तो काय, दोन चौकटींची जोडरेषा नेमकी मध्यभागी, त्याची स्वतःची आकृती उभी असते तेथेच येते! म्हणून तो तिसरा पडदा आणतो. आता आकृती अखंड राहते, पण पडद्यांच्या सीमेवरचे रस्ते आणि छपरे तुटल्यासारखी दिसतात. ती रेषा जुळवावयाची तर चित्राची एक पट्टी चौकटीमागे दडवावी लागते. म्हणजे एक तर रेषा मोडावयाची, नाही तर चित्राचा अंश गमवावयाचा.

सवाई जयसिंगापुढे अशीच अडचण होती. मात्र त्याचे जग आभासी नव्हते. प्रचलित कोष्टकांतील ग्रहस्थिती आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेना. पितळी यंत्रे लहान, त्यांचे आस झिजत, मध्यबिंदू ढळत. म्हणून त्याने दगड-चुन्याची भव्य यंत्रे उभारली. १७२७ मध्ये वसविलेल्या नगरीत हे काम पुढील काही वर्षांत झाले. त्याच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे परंपरेने महाराष्ट्रीय समजले जातात. युक्लिडचा भूमितिग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला. मराठी श्रोत्यांना त्यांचे स्मरण असावयास हवे.

जयप्रकाशाची वाटी म्हणजे उलटे ठेवलेले आकाश. काठ हे क्षितिज, तळ हा खमध्य. काठापासून काठापर्यंत ताणलेल्या तारांच्या छेदबिंदूवर छिद्र असलेली धातूची चकती असते. सूर्य पूर्वेला उगवला की तिची सावली पश्चिमेच्या काठावर पडते, आणि सूर्य जसजसा वर चढतो तसतशी ती खाली उतरते. संगमरवरावर कोरलेल्या रेषांवरून सूर्याचे स्थान वाचावयाचे. दिवसा हे सोपे आहे. रात्री मात्र ताऱ्याची सावली पडत नाही. निरीक्षकाला स्वतःचा डोळाच वाटीच्या पृष्ठभागाशी नेऊन छिद्रातून तारा वेधावा लागतो. भरीव वाटीत तो उभा राहणार कोठे?

म्हणून वाटीतून एकाआड एक पट्टे काढून टाकले आणि त्या रिकाम्या जागेत उतरण्यास पायऱ्या ठेवल्या. पण मग आकाशाचा तेवढा भाग गेला! तो भाग दुसऱ्या वाटीत शाबूत ठेवला: पहिलीत जेथे पोकळी, तेथे दुसरीत संगमरवर, आणि दुसरीत जेथे पोकळी, तेथे पहिलीत संगमरवर. चित्राचा कण हरवला नाही आणि माणसाला वाट मिळाली. पडद्याची चौकट ही यंत्राची नड आहे. येथली फट मुद्दाम, माणसासाठी ठेवलेली आहे. किंमत एवढीच की त्याने एका जागी बसून चालत नाही.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सावली पट्ट्याच्या कडेला येते, पोकळीत नाहीशी होते, आणि त्याच वेळी शेजारच्या वाटीत संगमरवराच्या कडेवर उमटते. मग निरीक्षक पायऱ्या चढून वर येतो, पलीकडे जातो आणि तेथे उतरतो. तासाभराने पुन्हा परत.