देवलांच्या गावाशेजारी



विनोदी साहित्याच्या या संमेलनासाठी आपण विश्रामबागेत आलात. 

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभे केले. पुढे १८५५ साली इथल्या हरिपुरात गोविंद बल्लाळ देवल जन्मले. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचे देऊळ. अशा देवाधर्माच्या गावातल्या माणसाने ‘संगीत शारदा’ लिहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

१८९१ साली मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा झाली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले होते! त्यानंतर आठच वर्षांनी ‘शारदा’ इंदूरला रंगभूमीवर आले. देवलांच्या सात नाटकांत स्वतंत्र तेवढे हेच. लग्नाला उतावळा झालेला म्हातारा भुजंगनाथ, सौदा जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, पैशासाठी पोटची पोर शारदा त्याला द्यायला निघालेला कांचनभट. यांच्या धर्माच्या गप्पांना आपण पोट धरून हसतो. पण शारदेची हतबल आई इंदिराकाकू समोर आली की तेच हसू घशात अडकते. आणि लग्न मोडते कशाने? वधूवर सगोत्र निघतात म्हणून! धर्माच्या आडोशाने ठरलेला सौदा देवलांनी धर्माच्याच नियमाने उधळला. शारदा आणि तरुण कोदंड यांच्या लग्नाला शेवटी मान्यता मिळते, तीही शंकराचार्यांची. देव्हाऱ्यातल्या देवाला त्यांनी बोट लावले नाही. देवाच्या नावावर पोरी विकणाऱ्यांना मात्र भर मांडवात उघडे पाडले. श्रद्धेवर विनोद करावा की नाही, या वादात मी देवलांच्या बाजूची आहे.

१९२९चा बालविवाहबंदीचा ‘शारदा कायदा’ खरे तर हरबिलास सारडा यांच्या नावाचा. पण मराठी माणसांना तो देवलांच्या शारदेचाच वाटत आला. ही चूक मला गोड वाटते. नाटकातल्या एका मुलीवर लोकांनी केलेली ती माया आहे.

मंडळी, दोन दिवस भरपूर हसा, भांडा, भडंग खा. आणि उद्या सकाळच्या सत्राआधी हरिपूरला नक्की जाऊन या. दुतर्फा चिंचेची झाडे असलेला रस्ता आहे, संगमावर थोडा वेळ टेका. गाड्या सहा वाजता याच फाटकातून सुटतील.