नुसतं हिंडायला म्हणून

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे ‘स्त्रिया आणि विरंगुळा’. कार्यक्रमपत्रिकेत तो दुपारच्या जेवणानंतर, हिंसा आणि जमिनीचा हक्क ही दोन सत्रं झाल्यावर ठेवलाय. तक्रार नाही. काही वर्षांपूर्वी ही पत्रिका मी केली असती तर मीही तिथेच ठेवला असता, किंवा ठेवलाच नसता. म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात काम करते. दुष्काळी भाग. आमचा एक बचत गट सहा वर्षं नीट चालला होता. वेळेवर हप्ते, वेळेवर परतफेड. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि त्या दिवाळीनंतरच्या बैठकीत बायकांनी विषय काढला की गटाच्या व्याजाच्या पैशातून समुद्र बघायला जायचं. एकवीस बायकांपैकी समुद्र पाहिलेल्या दोनच होत्या. मी नाही म्हटलं. हे पैसे अडीअडचणीसाठी आहेत, अहवालात काय लिहायचं, वगैरे. आमच्या अहवालाच्या नमुन्यात आरोग्य, शिक्षण, उपजीविका असे रकाने आहेत, आणि शेवटी एक ‘इतर’. या खर्चाला मी ‘इतर’सुद्धा द्यायला तयार नव्हते.

तेव्हा एक आक्का म्हणाल्या, “ताई, तुम्ही दर महिन्याला मीटिंगला पुण्याला जाता. रात्री मैत्रिणींत राहता, हसता, सिनेमाच्या गोष्टी आम्हाला येऊन सांगता. ते तुमचं काम, आणि आमची ती चैन व्हय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना गरिबाच्या गरजांची उतरंड आम्ही पाठ केली होती. आधी भाकरी, मग औषध, मग शाळा; मजा सगळ्यात वर, जिथे गरीब बाई कधी पोचतच नाही. तिथवर पोचायचं की नाही हे ठरवणारी मी कोण, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नव्हता.

जायचं ठरलं. पण बायकांनी घरी काय सांगितलं? “गणपतीला जाऊन येतो.” गणपतीपुळे त्यांनी निवडलं ते याच हिशोबाने. तिथे देवही आहे आणि समुद्रही. देवाला जाते म्हटलं की सासू अडवत नाही. माहेरी कुणी आजारी आहे म्हटलं तर नवरा कुरकुरत का होईना सोडतो. नुसतं हिंडायला जाते म्हणणारी बाई मात्र आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारतात की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीने जायची मुभा आहे का. २०१९-२१ च्या पाहणीत या तिन्ही ठिकाणी एकटीने जाऊ शकणाऱ्या होत्या ४२ टक्के. त्याआधीच्या पाहणीत ४१ होत्या. पाच वर्षांत एक टक्का! आणि प्रश्नसुद्धा बघा, बाजार आणि दवाखाना. तिथेही बाई कामालाच निघालेली आहे.

वेळेचंही तेच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारातला एक, त्यांची ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानायचा तर माना, पण त्याच काळात पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली. गावात बघा, पारावर, चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर पुरुष काही न करता बसलेला असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही की तू इथे का. बाई अशी बसलेली कधी पाहिलीत? ती बसते तेव्हा हातात निवडायला काहीतरी असतं.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. तुर्कस्तानात कॉफीखाने पुरुषांचे. तिथल्या बायकांनी ‘ग्युन’ काढला, म्हणजे ‘दिवस’. ठरलेल्या दिवशी एकीच्या घरी जमायचं, चहा, खारे-गोडे पदार्थ, आणि प्रत्येकीने घरधनिणीला सोन्याचं एक लहान नाणं द्यायचं. पुढच्या वेळी दुसरीचा नंबर. आपली भिशीच! पैशाचं निमित्त आहे म्हणून गप्पांना परवानगी मिळते. इथिओपियात कॉफीचा विधी असतो. बाई हिरव्या बिया भाजते, कुटते, शेजारणी जमतात, एकाच भांड्यात तीन वेळा पाणी घालून तीन फेऱ्या होतात, आणि तिसरी फेरी होईपर्यंत उठायचं नाही अशी रीत. दोन-अडीच तास सहज जातात. अर्थात भाजणं, कुटणं, वाढणं तिच्याच गळ्यात. बायकांचा विरंगुळा असा कामाला चिकटूनच मिळतो.

जात्याचंही तेच होतं. पहाटेच्या अंधारात दोघीजणी जात्याला बसायच्या आणि दळता दळता भाऊ, माहेर, सासूचा जाच, सगळं ओवीत घालायच्या. गी पॉयतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली ते फार चांगलं झालं. जात्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी आधी महिनाभर दळून बघावं. पण दळणाबरोबर ती पहाटेची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा आपण दिली नाही.

चीनमध्ये हुनान प्रांतात ज्यांगयोंग नावाचा भाग आहे. तिथल्या बायकांनी स्वतःची लिपी चालवली होती, ‘न्यूशू’, म्हणजे बायकांचं लेखन. आई, मावशी, मानलेली बहीण यांच्याकडून मुलगी ती शिकायची. पुरुषांना ती वाचता येत नसे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी आणि घरच्या बायका कापडात बांधलेली वही तिला पाठवत. तिच्यात ताटातुटीचं दुःख लिहिलेलं असे आणि पुढची पानं कोरी ठेवत, तिने स्वतः लिहावं म्हणून. बाई गेली की अशा वह्या पुष्कळदा तिच्याबरोबर पुरत किंवा जाळत. बाहेरच्या अभ्यासकांना या लिपीचा पत्ता १९८०च्या दशकात लागला, आणि ती घरच्या परंपरेतून शिकलेली शेवटची लेखिका २००४ मध्ये वारली. पॉयतवांही त्याच वर्षी गेले, हा आपला योगायोग. मला त्या कोऱ्या पानांचं फार वाटतं. तुला पुढे बरंच सांगायचं असणार, आणि तिथे ऐकायला कुणी नसेल, हे त्या बायकांनी गृहीतच धरलं होतं.

आमच्या सहलीकडे परत येते. एकवीसपैकी एकोणीसजणी निघाल्या. राहिलेल्या दोघी रोजंदारीवर जाणाऱ्या. दोन दिवसांचा रोज बुडवणं त्यांना परवडणारं नव्हतं. अर्ध्या तिकिटाने अर्धाच प्रश्न सुटतो, हे तिथेच कळलं. कराडला गाडी बदलली. पहिल्या थांब्यावर डबे सुटले तेव्हा वस्तीवरच्या चौघी वेगळ्या बसल्या. मीटिंगमध्ये सहा वर्षं एका सतरंजीवर बसणाऱ्या बायका जेवायला बसताना वेगळ्या झाल्या आणि मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी डबे संपले, विकतचं जेवण आलं आणि सगळ्याजणी एकत्र बसल्या. यात मी फार मोठं काही वाचत नाही. घरी आल्यावर कोण कुणाच्या घरी जेवली, ते मी पाहिलेलं नाही.

आंब्याचा घाट उतरेपर्यंत फोन सुरू होते. “कुठे पोचलीस, शेजारी कोण बसलंय, व्हिडिओ करून दाखव.” स्वतः वापरते असा मोबाईल देशात ५४ टक्के बायकांकडे आहे, असं तीच आरोग्य पाहणी सांगते, आणि हा आकडा आपण प्रगती म्हणून लिहितो. त्या गाडीत मला तो दाव्यासारखा दिसला. घाटात रेंज गेली, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

समुद्रावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. नऊवारीचा काचा वर खोचून साठीच्या बाया कडेकडेने पाण्यात उभ्या होत्या आणि लाट आली की किंचाळत होत्या. एकजण दोन तास नुसती झोपली वाळूवर. कुणाला तरी वाढायचं नाही, म्हणाली, हे अंगाला पटत नाही.

रात्री भाड्याच्या एका खोलीत दहाजणी होतो. दिवा मालवल्यावर एकजण बोलायला लागली. नवरा मारतो हे तिने सहा वर्षांत एका मीटिंगमध्ये सांगितलं नव्हतं. मी तिच्या घरी जाऊन चहा प्यायले होते, तिचं कर्ज मंजूर केलं होतं, हिंसेवरचं पोस्टर तिच्याच भिंतीवर लावलं होतं. तिच्यानंतर आणखी दोघी बोलल्या. आमच्या मीटिंगला दीड तास असतो. त्यात हजेरी, वसुली, ठराव, सह्या, आणि पाऊण तास झाला की बायकांचं लक्ष दाराकडे, कारण जनावरं सुटायची वेळ. अशा वेळात कुणी असलं काही बोलतं का? मी मात्र अहवालात लिहीत होते, ‘हिंसेची प्रकरणे : निरंक’.

आता हे ऐकून सहलीने जादू झाली असं समजू नका. परत आल्यावर एकीच्या नवऱ्याने दार उघडलं नाही. ती ओट्यावर बसली. आमच्यातल्या सहाजणी बातमी कळल्यावर येऊन तिच्याशेजारी बसल्या, रात्री साडेअकरापर्यंत. शेवटी दार उघडलं, पण दुसऱ्या महिन्यापासून तिचं गटात येणं बंद झालं. हप्ता मुलीच्या हातून पाठवते. गावात बोललं गेलं की संस्थेने बायका बिघडवल्या. मी तिच्याकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा तिने दारातूनच “बरी हाय” म्हटलं. सहल नसती तर ती आज गटात असती. ही गोष्ट मी स्वतःपासून लपवत नाही.

गेल्या बैठकीत यावर भांडण झालं. काहीजणी म्हणाल्या, पुढच्या वेळी नवऱ्यांची सही घेऊन जाऊ, म्हणजे असं होणार नाही. ज्या आक्कांनी मला पुण्याचं विचारलं होतं त्या भडकल्या. म्हणाल्या, सही घेऊन जायचं तर मी घरीच बसते.

आइसलँडच्या बायकांचं इथे आठवतं. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या ९० टक्क्यांच्या आसपास बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं. बाप मुलांना घेऊन कामावर गेले, आणि दुकानातले झटपट शिजणारे सॉसेज संपले म्हणतात. त्या दिवसाला संप म्हणायचं की सुट्टी, यावर आधी वाद झाला होता. संप म्हटलं तर पुष्कळजणी बिचकतील, म्हणून ‘सुट्टी’ म्हटलं, आणि त्या शब्दाखाली सगळ्या आल्या. आपल्या बायकांचं ‘गणपतीला जातो’ हे तसंच आहे का? की निमित्त वापरत राहिलो तर निमित्ताशिवाय जायचा रस्ता कधीच होणार नाही? माझं मत आक्कांच्या बाजूचं आहे. पण दार बंद होतं ते माझ्या घराचं नाही, म्हणून ते मत मी बैठकीत शेवटी सांगितलं.

आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, व्याजातला ठराविक भाग रोज बुडणाऱ्यांना द्यायचा, म्हणजे त्या दोघीही येतील. दोन, जायच्या आधी प्रत्येकीच्या घरी दोन-दोनजणींनी जायचं, परवानगी मागायला नाही, कधी परत येणार ते सांगायला. अहवालात मी आता ‘सहल’ असाच शब्द लिहिते. खर्च अजून मंजूर झालेला नाही. तुमच्या भागात सहीचा प्रश्न आला असेल तर तुम्ही काय केलंत, ते चर्चेत मला ऐकायचं आहे. आमची पुढची बैठक पंधरा तारखेला आहे.