राबाची राख आणि उल्हासचे पाणी



चैत्र-वैशाखात मुरबाड, शहापूरच्या शेतांतून निळसर धूर उठू लागतो. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशास तो वणवा वाटतो. वास्तविक ती भातशेतीची पूर्वतयारी असते. रोपे करावयाच्या जागेवर शेण, छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि ते सावकाश जाळतात. हाच राब. त्यामुळे तणाचे बी जळते, रोपास राखेचे खत मिळते आणि भुसभुशीत मातीतून ते मुळांसह सहज उपटता येते.

ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधवांनी ही पद्धत केवळ अज्ञानापोटी जपली, असे मानणे हा शहरी अहंकार होय. इंग्रजांनी जंगले राखीव केली, तेव्हा राबासाठी फांद्या तोडण्यावरून इतका असंतोष माजला, की १८८५ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी ऐकण्यासाठी सरकारला आयोग नेमावा लागला. बंदीने राब थांबला नाही. पर्याय हाती नसता तो थांबणार तरी कसा?

तथापि राबाची किंमतही मोठी आहे. वर्षानुवर्षे ओरबाडलेला ऐन खुरटतो. शेतात कुजावयाचे शेण जळून जाते. उघड्या पडलेल्या उतारावरची माती आषाढसरींबरोबर बारवीच्या खोऱ्यात उतरते. बारवी उल्हासला मिळते, आणि कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारे पाणी उल्हासचेच!

पर्याय आज आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चतुःसूत्रीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची राख वापरतात, खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला घालतात, ठरावीक अंतरावर लावणी करतात आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या मातीत खोचतात. गिरिपुष्प स्वतःच्या बांधावर वाढते. पाल्यासाठी रानात जावे लागत नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी तर रोपवाटिका आणि चिखलणीच वगळली. कायम गादीवाफ्यांवर बी टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. मातीची धूप घटते, गांडुळे वाढतात. मात्र तेथे तणनाशक लागते. गरिबाला त्याचा खर्च आणि भूमीला त्याचे विष, ही अडचण प्रचाराच्या उत्साहात झाकून ठेवू नये.

दुसरी अडचण धोक्याची. ज्याचे वर्षाचे धान्य एकाच खाचरातून येते, त्याने नवा प्रयोग करावा आणि तो फसला तर उपाशी राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. प्रारंभी अर्ध्याच खाचरावर प्रयोग व्हावा. डोंबिवली-ठाण्याच्या दहा-वीस कुटुंबांनी मिळून एखाद्या पाड्याचा तांदूळ ठरल्या भावाने आधीच घ्यावा, काही रक्कम आगाऊ द्यावी आणि पीक कमी आले तरी ती परत मागू नये. ही मागणी पाड्यावर माघापूर्वी पोहोचावयास हवी; उन्हाळा चढेपर्यंत राबाच्या फांद्या तुटून वाळत पडलेल्या असतात.