नाण्यावरचा व्रण कुणाच्या हातचा?



धार जिल्ह्यातल्या डही, कुक्षी, बाग, मनावर या पट्ट्यात शेत नांगरताना किंवा विहीर खणताना एखादं जुनं नाणं हाती लागावं, यात नवल काहीच नाही. एकीकडे नर्मदा, दुसरीकडे मांडू, पलीकडे महेश्वर आणि उज्जैन. दोन हजारांहून अधिक वर्षं इथून व्यापारी आणि फौजा ये-जा करत आल्या आहेत. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांत देवघरातल्या डबीत किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात पणजोबांच्या वेळची नाणी अजून असतात. लोक ती रुमालात बांधून आणतात आणि विचारतात, ‘हे खराब झालंय का हो?’

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मी दुसरा प्रश्न विचारतो, आणि संग्रह करणाऱ्या प्रत्येकानं तो स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं. नाण्यावर जो व्रण दिसतोय, तो केव्हा झाला आणि कुणाच्या हातून झाला? टाकसाळीतल्या कारागिराच्या हातून, बाजारातल्या सराफाच्या हातून, मातीमुळे, की नाणं सापडल्यानंतर आपल्याच हातून? दिसायला हे व्रण सारखेच वाटतात, पण त्यांची किंमत आणि त्यांचा अर्थ अगदी निराळा असतो.

टाकसाळीपासून सुरुवात करू. जुनी नाणी हातानं पाडली जात. धातूची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. घाव जरा सरकला की अर्धं चित्र चकतीबाहेर गेलंच. उज्जैनवर राज्य करणाऱ्या पश्चिमी क्षत्रपांचं चांदीचं नाणं घ्या. वजन साधारण दोन ग्रॅम, आकार करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. एका बाजूला उजवीकडे पाहणारा मिशीवाला राजा, मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचं आणि त्याच्या वडिलांचं नाव. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्षाचा आकडा येऊ लागला. प्राचीन भारतात इतक्या नियमितपणे वर्ष सांगणारी नाणी फार थोडी आहेत. पण चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे नेमका आकडाच पुष्कळदा कडेबाहेर जातो. नाणं अजिबात झिजलेलं नाही, नाकडोळे स्वच्छ आहेत आणि तरी आकडा नाही, हा जन्मजात दोष झाला. किंमत त्यामुळे कमी होईल, पण नाणं ‘खराब’ झालं असं म्हणता येणार नाही. उलट चेहरा पुसट असूनही आकडा आणि वडिलांचं नाव शाबूत असेल, तर अभ्यासासाठी मी तेच नाणं पसंत करीन.

झीज आणि कच्चा घाव यांत नव्या संग्राहकाची सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून इथे जरा थांबतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीशी बसून नाणं तिरप्या उजेडात धरा. नाणं हाताळून झिजलं असेल तर उंच भाग आधी जातात. नाक, गाल, कानावरचे केस गुळगुळीत होतात आणि तिथून झीज हळूहळू खोल भागात उतरते. घाव कच्चा बसला असेल तर चित्र सपाट दिसतं, पण तिथला पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. चकतीचा मूळचा खरखरीतपणा तसाच राहिलेला असतो. नाणं उलटून पाहा, बरोबर त्याच जागी मागचंही चित्र अर्धवट उठलेलं आढळतं. हे एकदा नजरेत बसलं की व्यापाऱ्याच्या ‘झिजलंय’ किंवा ‘एकदम कोरं आहे’ या दोन्ही बोलण्यांवर विसंबायची गरज उरत नाही.

माळव्यात, गुजरातेत आणि राजस्थानात भरपूर मिळणाऱ्या गधैया नाण्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. हे जाडजूड, चांदीचं किंवा हिणकस चांदीचं नाणं. त्यावर म्हणे राजाचा चेहरा आणि मागे अग्निकुंड असतं, पण दिसतात ते नुसते ठिपके आणि रेघा. लोक म्हणतात, पार झिजलंय. झिजलेलं नसतं ते. इराणच्या सासानी नाण्यांची नक्कल झाली, मग त्या नकलेची नक्कल झाली, आणि असं शेकडो वर्षं चालत राहिल्यामुळे ठसा कोरणाऱ्यालाच आपण चेहरा कोरतोय हे ठाऊक नव्हतं. त्या रेघांच्या कडा भिंगाखाली ठसठशीत दिसल्या, तर ते नाणं उत्तम स्थितीतलं आहे असं खुशाल समजा.

मांडूच्या सुलतानांची चौकोनी नाणीही अशीच. मांडूला तेव्हा शादियाबाद म्हणत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात गियास शाहाच्या काळापासून ही चौकोनी घडण रुळली. मजकूर ठशावर पुरा असला तरी चौकोनात पुरा मावत नाही, त्यामुळे कडेला अक्षरं तुटलेली दिसतात. त्यासाठी नाणं टाकून देऊ नका.

नाण्याच्या कडेला तडा असेल तर तोही बारकाईनं बघा. घाव बसताना चकती फाकली की कडेकडून आत जाणारी चीर पडते. चिरेच्या आतला रंग नाण्याच्या अंगासारखाच काळपट असेल, तर ती जुनी. आत धातू चकाकत असेल, तर नाणं अलीकडेच कुणाच्या हातून वाकलं किंवा पडलं. ठशालाच तडा गेला असेल तर नाण्यावर उंचवट्याची बारीक रेघ उठते. ओरखडा खोल जातो आणि ठशाची चीर वर येते, बोटाच्या नखालाही हा फरक कळतो.

आता बाजारातल्या खुणा. सर्वांत जुनी आपली चांदीची आहत, म्हणजे चिन्हांचे ठसे ठोकून केलेली नाणी, पत्र्यातून कापलेली वेडीवाकडी चौकोनी किंवा गोलसर तुकडी, वजन सुमारे ३.४ ग्रॅम. त्यांचा एखादा कोपरा कातरलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतं कुणी चांदी चोरली. प्रत्यक्षात वजन बरोबर जुळावं म्हणून पाडणाऱ्यांनीच कोपरा कातरलेला असतो. त्यांच्या पाठीवर आणि कधी पुढच्या बाजूवरही बारीक बारीक ठसे मारलेले दिसतात. नाणं हातातून गेलं, पारखलं, खरं निघालं, याच्या त्या सराफी खुणा. पुढे मोगल आणि मराठा काळातल्या रुपयांवरही सराफांनी असेच ठसे मारले. खोल छिन्नीचा वार असेल तर मात्र सराफाला आत तांबं असल्याचा संशय आलेला होता. आहत नाण्यांतही वर चांदीचा पातळ थर आणि आत तांबं, अशी त्याच काळातली खोटी नाणी सापडतात. झिजलेल्या कोपऱ्यावर लालसर धातू डोकावतो का, ते पाहावं.

बाजारापेक्षा मोठ्या हातानं पडलेल्या व्रणाचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९०६ साली जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी मूळची क्षहरात राजा नहपान याची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारं उज्जैन चिन्ह, आणि नाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं. काही नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचं नाक आणि हनुवटी अजून दिसते. सौंदर्याच्या हिशेबानं ही नाणी विद्रूप म्हणावी लागतील. पण गौतमीपुत्रानं नहपानाचा पराभव केला आणि त्याचं चलन आपल्या नावानं पुन्हा चालवलं, याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा नाही. उद्या कुणी तुमच्याकडे असं ‘गिचमिड’ झालेलं नाणं आणलं, तर ते भंगारात घालण्याआधी दोनदा बघा.

या भागातली एक खास खूण म्हणजे भोक आणि कडी. आपल्या भिल्ल, भिलाला बायकांच्या गळ्यात चांदीच्या रुपयांच्या माळा असतात, डहीच्या बाजारात आणि होळीआधीच्या भगोरिया हाटात त्या दिसतातच. अशा रुपयाच्या कडेला डाग लावून कडी बसवलेली असते किंवा भोक पाडलेलं असतं. जुन्या भोकाची कड दोऱ्यानं घासून गोल झालेली असते. विकताना काही जण भोक बुजवतात, कडी काढून कानस फिरवतात आणि अक्षरं पुन्हा कोरतात. तिरप्या उजेडात बुजवलेल्या जागेभोवती बारीक वर्तुळ दिसतं आणि रंगही जुळत नाही. मोकळं भोक असलेलं नाणं मी प्रामाणिक मानतो, बुजवून लपवलेलं भोक म्हणजे फसवणूक. आणि हात जोडून सांगतो, नाणी मिळवण्यासाठी कुणाची जुनी माळ तोडायला लावू नका. ती माळच त्या नाण्यांचा पुढचा इतिहास आहे.

मातीनं केलेलं नुकसान धातूवर अवलंबून असतं. तांब्याच्या नाण्यावर घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर असेल, तर तो नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नका. पण फिकट हिरवी भुकटी, जी काडीनं झटकल्यावर कागदावर पडते आणि पावसाळ्यात पुन्हा उगवते, ती धोक्याची. धातूत मुरलेले क्षार आणि हवेतली ओल मिळून ते नाणं आतून खातात. असं नाणं इतरांपासून वेगळं, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डबीत ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. चांदी दीर्घकाळ मातीत राहिली की ठिसूळ होते, अंगावर कोळिष्टकासारख्या बारीक भेगा येतात. म्हणून जुनं नाणं फरशीवर वाजवून घेऊ नका. खणखणीत वाजलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि आपटल्यावर त्याचे तुकडे मात्र होऊ शकतात. शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते, मुलांच्या हाती देऊ नका.

आता आपल्या हातच्या नुकसानाबद्दल, कारण मला सर्वांत जास्त दुःख याचंच होतं. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, सोनाराकडचं तेजाब. दोन हजार वर्षं टिकलेलं कवच अर्ध्या तासात जातं आणि नाणं गुलाबी, खरबरीत, निर्जीव होऊन बसतं. गेलेलं कवच परत येत नाही. सुटी माती काढायचीच असेल तर नाणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ झालेली माती बांबूच्या काडीनं काढा आणि नाणं पूर्ण कोरडं करा. त्यापुढे जाऊ नका. ठेवायला मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचे अल्बम वापरू नयेत, त्यांतून हिरवट चिकट थर चढतो. आम्लरहित कागदाची पाकिटं चांगली. पाकिटावर वजन, व्यास आणि कुठे मिळालं ते पेन्सिलीनं लिहा.

ओतीव नकलांपासूनही सावध राहा. अंगावर बारीक बुडबुड्यांचे खळगे, कडेला साच्याची शिवण, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बुळबुळीत, ही त्यांची लक्षणं. आणखी एक पक्की खूण सांगतो. हातानं पाडलेली दोन नाणी कधीच अगदी सारखी नसतात. एकाच व्यापाऱ्याकडे दोन नाणी अशी दिसली की दोन्हींवर तोच ओरखडा त्याच जागी आहे, तर ती दोन्ही एकाच साच्यातून निघाली आहेत. खिशात मावणारा वजनकाटा जवळ असू द्या. तीन ग्रॅमांच्या पुढचं चांदीचं क्षत्रप नाणं कुणी दिलं, तर हात आखडता घ्या.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना हे निकष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. १८८७ चा धारचा किंवा १८८८ चा देवासच्या थोरल्या वा धाकट्या पातीचा तांब्याचा पाव आणा तुमच्या घरी असेल, तर त्यावरच्या राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याची झीज, कडेचे ठोके आणि घासून आणलेली खोटी चमक, एवढं पाहिलं तरी पुरे.

शेवटी कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलाला किंवा जावयाला आठवण म्हणूनही ते देऊ नका. आणि जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नाणी मडक्यात असतील तर मडकं फोडू नका, नाणी धुऊ नका, वाटून घेऊ नका. जागेचा फोटो काढा आणि आहे त्या मातीसकट सगळं धारच्या किंवा आपापल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दाखवा.